बाद शांतता

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, ताईला बघायला पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बैठकीतलं घड्याळ बंद केलं. विचारलं नाही, सवरलं नाही. खुर्चीवर चढले, लंबक बोटांनी धरून थांबवला आणि खाली उतरून रुमालाने हात पुसले. "टिकटिक फार आहे," एवढंच म्हणाले. आमचे वडील बघतच राहिले. मी ताईच्या कानाला लागले, "अगं, हा माणूस उद्या तुझ्या काळजाची धडधडही बंद करायला लावेल." ताई इतकी हसली की तिला तोंडावर हात दाबून आत पळावं लागलं. तेवढ्यावरून मी ओळखलं, हिने मनातल्या मनात होकार देऊन टाकलेला आहे.

भावोजी रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होते. गाणारे येत, भाषणं करणारे येत, मुलाखती देणारे येत. भावोजी काचेपलीकडे बसून त्यांचे आवाज टेपवर घेत आणि मग ब्लेडने टेप कापून नको तेवढं काढून टाकत. खोकला, आवंढा, कागदाची फडफड, खुर्चीची करकर, 'अं' आणि 'म्हणजे' हे सगळं केराच्या बादलीत. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस रेडिओवर बोलायला लागला की वाटावं, याला जन्मात कधी सर्दी झाली नसेल. माझी जीभ तिखट असली तरी हे मी मान्य करते, कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. केंद्रातले लोक पाठीमागे त्यांना 'चिडीचूप' म्हणायचे. "आज आत चिडीचूप आहे, बूट वाजवू नका," असं एकमेकांना बजावायचे.

त्यांची एक पद्धत होती. ध्वनिमुद्रण सुरू करायच्या आधी ते सगळ्यांना जागच्या जागी बसवून नुसती शांतता टेपवर घेत. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस वेडाबिडा आहे. पण त्याला कारण होतं. "कापलेली दोन टोकं नुसती चिकटवली की कान ठेचकाळतो," ते सांगायचे. "मधे शांततेचा तुकडा घालावा लागतो. आणि तो त्याच खोलीचा लागतो, दुसऱ्या खोलीचा चालत नाही. शांतता काय सगळीकडे सारखी असते?"

"आमच्याकडची कशी असते ते माहीत नाही बाई," मी म्हटलं. "कधी ऐकलीच नाही." ताई खो खो हसली. भावोजींनी मात्र माझ्या बोलण्यावर खरंच विचार केला, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

एकदा प्राणिशास्त्राचे कुणी प्राध्यापक रानात ध्वनिमुद्रित केलेली टेप घेऊन आले आणि म्हणाले, जरा साफ करून द्या. टेपवर एक पक्षी ओरडत होता आणि मागे किड्यांची किरकिर चाललेली होती. भावोजींनी जीव ओतून ती किरकिर अशी काही घालवली की पक्षी खोलीत येऊन बसल्यासारखा वाटावा. प्राध्यापकांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचा अभ्यास किड्यांवर होता. नशीब, भावोजींनी नकलेवर काम केलं होतं आणि मूळ टेप शाबूत होती. ही गोष्ट ताई आल्यागेल्याला रंगवून सांगायची आणि भावोजी तिथून उठून जायचे. आता मला ती गोष्ट आठवली की हसू येत नाही.

ताईचं बोलणं म्हणजे भावोजी आयुष्यभर जे जे कापत आले त्याचं भांडार होतं. प्रत्येक वाक्याआधी "काय सांगू तुला". सांगता सांगता स्वतःच्याच बोलण्याला स्वतःच हसायची, आणि हसू संपत आलं की तिचा श्वास किटलीसारखी बारीक शिट्टी मारायचा. त्या शिट्टीला आम्ही आणखी हसायचो. भावोजींनी घरातल्या खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाचे तुकडे चिकटवले होते, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, पण ताईला तेल कुठे घालणार? "श्श," ते म्हणायचे. "अहो, मी काय तुमची टेप आहे?" ती म्हणायची आणि दुप्पट आवाजात सुरू व्हायची.

तरी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. ताई आमच्याकडे राहायला आली की भावोजींचा रोज फोन यायचा. स्वतः काही बोलायचे नाहीत. ताई इकडून बोलत सुटायची, आणि तिने "आता ठेवू का?" विचारलं की पलीकडून येणार, "नको, बोल." कानात प्राण आणून ऐकणं म्हणतात ते मी त्या फोनवर पाहिलं.

मग ताईचा आवाज बसला. आधी सर्दीवर गेलं, मग हवेवर, मग "फार बडबड करतेस" यावर. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव कदाचित वाचेल, आवाज वाचणार नाही. दवाखान्यात शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आधी यांचा आवाज टेप करून ठेवा. नंतर घरच्यांना नीटसा आठवत नाही. पुष्कळदा त्यांना स्वतःलाही आठवत नाही."

ताईने ते फार मनाला लावून घेतलं. घरी येताना माझा हात धरून म्हणाली, "काय सांगू तुला, मरायची नाही गं एवढी भीती वाटत. पण मी कशी बोलायचे हेच मी विसरले तर? मला आवाज ऐकायला हवा. माझा मला." आणि मग भावोजींना, "अहो, इतक्या लोकांचे घेतलेत. आता माझा घ्या. एवढं एकच मागते."

भावोजींनी मान डोलावली. 

मी त्यांना म्हटलं होतं, "यंत्र स्वयंपाकघरात आणून ठेवा, चालू करा आणि विसरून जा. ती बडबडेल ते येऊ दे."

"स्वयंपाकघरात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दूध गटारात ओता म्हणाले. "फ्रीज घरघरतो, नळ गळतो, बाहेर गाड्या. ही संधी एकदाच आहे. चांगलंच व्हायला हवं."

बायकोसाठी माणूस आपल्याकडचं सर्वांत चांगलं बाहेर काढतो. सुतार असते तर त्यांनी तिच्यासाठी पलंग केला असता, आणि त्यात एकही खिळा दिसू दिला नसता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही केंद्रात गेलो. सगळीकडे सामसूम. स्टुडिओचं दार भिंतीइतकं जाड, वर लाल दिवा, बाजूला काचेची खिडकी. आतल्या भिंतींना भोकाभोकांचे पांढरे तक्ते. मी बाहेर बाकावर बसले. दिवा लागला. थोड्याच वेळात दार उघडलं आणि ताई येऊन माझ्याशेजारी टेकली.

"झालं एवढ्यात?"

"कशाचं झालं! मला बाहेर काढलं." आवाज पार घोगरा झाला होता, पण डोळे हसत होते. "खोलीची शांतता घेतायत. माझ्या श्वासाचा आवाज येतो म्हणे."

"आणि तू आलीस निमूट? मी असते तर ठाण मांडून बसले असते."

"जाऊ दे गं. काय सांगू तुला, आज त्यांना टेप धड लावता येत नाहीये."

मग तिला परत आत बोलावलं. जाड दारातून ऐकू काही येत नव्हतं, काचेतून दिसत तेवढं होतं. भावोजींनी तिच्यासाठी लिहून आणलेले कागद तिच्या हातात होते. ती वाचायची, मधेच कागद खाली ठेवून त्यांच्याशी बोलायची, हसायची, खोकायची. ते हात वर करायचे आणि ती पुन्हा कागद उचलायची. शेवटी शेवटी तिने कागद बाजूलाच सारले आणि नुसती बोलत राहिली, आणि भावोजींनी हात वर करणं सोडून दिलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आली ताई टेपवर.

आलीच होती. सगळी आली होती.

शस्त्रक्रिया झाली. गळ्याला भोक, भोकात नळी, आणि ताई डोळ्यांनी बोलायला शिकत होती. मी आणि तिची कॉलेजात जाणारी लेक आळीपाळीने उशाशी बसायचो. भावोजी सकाळी येत, तिच्या पायावर हात ठेवून बसत आणि मग केंद्रात निघून जात. मला संताप यायचा. "बायको इथे पडलीय आणि हे तिकडे काय दिवे लावतायत?" मी म्हणायचे. लेक म्हणायची, "मावशी, बाबा आईचा आवाज तयार करतायत." तयार करतायत! जसा काही तो तयार नव्हताच.

ते तिकडे काय करत होते ते मला पुढे त्यांनीच सांगितलं. टेपची नक्कल काढली की खरखर थोडी वाढते. इतर कुणाचाही आवाज असता तर त्यांनी मूळ टेप बाजूला ठेवून नक्कल कापली असती. ताईच्या आवाजाला तेवढीही खरखर लागू नये, म्हणून त्यांनी मूळच कापली. किड्यांच्या वाट्याला जी सावधगिरी आली ती माझ्या बहिणीच्या वाट्याला आली नाही, आणि तीही का, तर ती जास्त लाडकी म्हणून. त्यांनी खोकले काढले. घोगरेपणाने शब्द फाटला होता तिथे तो शब्द काढून दुसरीकडचा धड शब्द आणून बसवला. आवंढे काढले, हुंकार काढले, हसू काढलं, किटलीची शिट्टी काढली. "काय सांगू" जिथे जिथे आलं तिथून तिथून काढलं. आणि पडलेल्या प्रत्येक भोकात ताई बाहेर बाकावर बसलेली असताना घेतलेल्या रिकाम्या खोलीच्या शांततेचा एकेक तुकडा बसवला. अति तिथं माती म्हणतात ती ही अशी.

ताई घरी आल्यावर त्यांनी यंत्र जेवणाच्या टेबलावर मांडलं. ताई खुर्चीत, गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी. लेक खाली तिच्या पायाशी. भावोजींच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला उत्साह होता. दाढी करून, धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांनी बटण दाबलं.

टेपवर एक बाई बोलू लागली. स्वच्छ, सावकाश, एकसारखी. "जेवण झालं का? बाहेर जाताना छत्री घे. मी बरी आहे, काळजी करू नका." कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. हवामानाचा अंदाज सांगतात तशी ती बाई लेकीला अभ्यास कर म्हणाली, भावोजींना वेळेवर झोपा म्हणाली. लेकीने वर माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत होते.

ताई मान एका बाजूला कलती करून मन लावून ऐकत होती. थोड्या वेळाने तिने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि भावोजींपुढे धरलं.

'ही कोण?'

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. तिला खरोखरच कळलं नव्हतं. कळलं ते भावोजींचा चेहरा उतरलेला पाहून. तिने घाईघाईने तळहाताने पाटी पुसली आणि लिहिलं, 'छान आलंय.' खाली दोनदा रेघ ओढली. पण घाईत पुसलेलं पहिलं वाक्य खालून फिकं दिसतच होतं, आणि भावोजी तेच वाचत उभे होते.

ते तसेच चपला अडकवून बाहेर पडले. ताईने मला खुणेने त्यांच्यामागे पाठवलं. केंद्रात पोचलो तर त्यांच्या खोलीतली बादली रिकामी. तिथे झाडलोट करणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या खोलीतला केर मी रोजच्या रोज नेते. तुम्हीच नाही का सांगितलंत? टेपचे तुकडे पायाखाली येऊन वाजतात म्हणून."

भावोजी गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली शिरले. एवढा नीटनेटका माणूस, धुतलेल्या सदऱ्यात, फरशीवर गाल टेकवून फटीत बोटं घालत होता. भिंतीकडेला अडकलेले दोनचार तुकडे हाती लागले, नखाएवढे. ते त्यांनी एकापुढे एक चिकटवले आणि यंत्रावर लावले. 'स्स्' असं काहीतरी झालं, मग 'सां' आणि एक खट्ट. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा 'स्स्', पुन्हा 'सां'. मी आयुष्यात कुणावर इतकी चिडले नव्हते जितकी त्या घडीला त्यांच्यावर चिडले होते. हे सगळं वरातीमागून घोडं होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

त्यानंतर घर त्यांना हवं होतं तसं झालं. टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि त्यांना ते सोसेना. त्यांनी खुर्च्यांच्या पायांचे कापडाचे तुकडे स्वतःच्या हाताने खरवडून काढले. ठोके देणारं मोठं घड्याळ आणलं. रेडिओ लावून ठेवायचे, नळ गळत असला तरी गळू द्यायचे. एकदा ताईने पाटीवर लिहून दाखवलं, 'डोकं उठलं माझं. श्श!' भावोजी हसले. ताईही हसली, पण तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. ते हलणारे खांदे पाहून भावोजींचं हसू मधेच थांबलं.

ताई चमचा ताटलीवर वाजवून त्यांना बोलवायची. घरात कुठेही असले तरी ते धावत यायचे.

त्या टेपबद्दल तिने पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही. फक्त एकदा, ते बाजारात गेलेले असताना, पाटी माझ्याकडे सरकवली. 'मी कशी हसायचे गं?' मी करून दाखवायला गेले. सख्खी बहीण मी, लोक फोनवर आमच्या आवाजात फसायचे. हसले, शेवटची शिट्टी काढायला गेले, तर नुसती फुसकी हवा निघाली. ताई मान हलवत राहिली. तसं नाही, तसं नव्हतं. पण मग कसं होतं, ते तिला आठवेना आणि मला जमेना. शेवटी तिने माझ्या गालावर थोपटलं आणि पाटी पुसून टाकली. मी मोरीत जाऊन रडले.

पुढे दुखणं फुप्फुसात उतरलं. ती गेली तेव्हा दुपार होती आणि आम्ही तिघं जवळ होतो. चमचा तिच्या हातातच होता, पण वाजवायची ताकद उरली नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी केंद्रातून टेपा गेल्या आणि संगणक आले. जुन्या टेपा पुसून भंगारात निघायच्या होत्या. भावोजींना सांगितलं, तुमचं कपाट एकदा बघून घ्या. कपाटात मागे सरकलेली एक छोटी डबी त्यांना सापडली. डबीवर त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'शांतता, बाद'. बाद झालेली टेप ते लगेच पुसून पुन्हा वापरायला घेत. ही त्या दिवसांच्या गडबडीत तशीच राहून गेली होती.

त्यांचा मला फोन आला. "जरा ये. एकट्याने लावायचा धीर होत नाही."

त्याच टेबलाशी आम्ही तिघं बसलो. "कशाची आहे?" लेकीने विचारलं.

"त्या दिवशी खोलीची शांतता घेत होतो. पहिली खराब झाली," ते म्हणाले. "तुझ्या आईचा श्वास आला होता."

त्यांनी बटण दाबलं. आधी त्यांचाच तेव्हाचा, कोरडा आवाज आला, "खोलीची शांतता." मग काही नाही. मग त्या काही नाहीच्या आतून बारीक, जरा घरघरता श्वास यायला लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. अजून एक शब्द झाला नव्हता, आणि लेक म्हणाली, "आई."

खुर्ची करकरली. कुणीतरी हसू दाबलं. भावोजींचं "श्श" आलं. मग घोगरा आवाज, "काय सांगू तुम्हाला, नाकात शिवशिवतंय." पुन्हा शांतता, पुन्हा तो श्वास. आणि मग भावोजी.

"तू जरा बाहेर जाऊन बस. तुझा श्वास येतोय टेपवर."

"अगं बाई! मग काय करू, थांबवू?"

आणि ताई हसली. पोटापासून, फाटक्या आवाजात, आणि हसू संपताना किटलीची शिट्टी झाली, तीच, आणि तिच्या मागून खोकल्याची ढास आली. ढास ओसरल्यावर, अजून हसतच, ती म्हणाली, "थांबेल हो तोही. जरा कळ काढा."

खुर्ची सरकली. चार पावलं वाजली. जाड दार लागलं. पुढे टेप संपेपर्यंत थोडी रिकामी खोली होती, बाद न झालेली.

लेकीचे डोळे वाहत होते. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बोललात ते कापा ना. 'बाहेर जाऊन बस' तेवढं. नुसती आई राहू दे."

ब्लेड टेबलाच्या खणातच होतं. त्यांनी मनात आणलं असतं तर असं कापलं असतं की देवाच्या कानालाही सांधा कळला नसता.

"नाही," भावोजी म्हणाले. "ते मी बोललोय."

किती वर्षं माझ्या जिभेवर या माणसासाठी एक वाक्य तयार होतं. नेम धरून ठेवलेलं. त्या दिवशी ते बोलायची वेळ होती आणि मला ते सापडेना. मला त्यांची फक्त दया आली, आणि दयेचाही राग आला.

टेप संपून तिचं टोक फडफडायला लागलं. भावोजींनी ती मागे गुंडाळली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. अजूनही मी गेले की ते ती लावतात. दर वेळी ते तिला बाहेर जायला सांगतात, आणि दर वेळी ती हसत उठते. दार लागायच्या आधी भावोजींचा हात टेबलावरून थोडा पुढे सरकतो, पण तोवर ती गेलेली असते.